कांद्याच्या गोंड्यांवर माशी बसेनाशी झाली आहे: फवारणी, मित्रकीटक आणि बीजोत्पादन

पूर्णाकाठ
२ फेब्रुवारी, रात्री ९.१५

सर्वांना नमस्कार. बुलढाणा जिल्ह्यात आमची शेती असून गेली नऊ वर्षे मी रब्बीत दीड एकरावर कांद्याचे बीजोत्पादन घेत आहे. गोंडे उमलू लागले की सकाळी दहाच्या सुमारास बांधावर उभे राहिल्यावर प्लॉटभर जी गुणगुण ऐकू यायची, ती आमच्या इतकी अंगवळणी पडली होती की तिच्याकडे वेगळे लक्ष द्यावे असे कधी वाटलेच नाही. गेल्या तीन हंगामांत ती कमी होत गेली आणि मागच्या वर्षी जवळजवळ थांबली. गोंडे बाहेरून भरगच्च दिसत होते, पण वाळल्यावर हातावर चोळून पाहिले तेव्हा निम्म्याहून अधिक बोंडे पोकळ निघाली.

मधमाशी नाही म्हणून आम्ही मजूर बायांकडून हाताला मलमलीचे कापड गुंडाळून गोंड्यांवरून फिरवून घेतले. त्याने काही दाणा भरला, परंतु दीड एकरावर दोन-तीन आठवडे रोज असे फिरण्याची मजुरी परवडणारी नाही. गुळाचे पाणीही फवारले, त्यावर मुंग्या आल्या, माशी आली नाही.

एक गोष्ट मला येथे स्पष्ट सांगितली पाहिजे. मागच्या वर्षी फुलकिडे (रस शोषणारी बारीक कीड, थ्रिप्स) वाढले म्हणून ऐन फुलोऱ्यात मी दोन वेळा फिप्रोनिल हे कीटकनाशक, एक बुरशीनाशक आणि टॉनिक असे एकत्र करून सकाळच्या वेळी फवारले. सल्ला कृषी सेवा केंद्रातून मिळाला होता, पण पंप माझ्याच पाठीवर होता. यंदा गोंड्यांचे पापुद्रे नुकतेच फाटू लागले आहेत आणि फुले अजून तुरळक आहेत. या टप्प्यावर काय करता येईल? मधपेट्या आणाव्यात का? आणि पेट्या आणल्यावर फुलकिडे आलेच तर काय करावे?

सातेरी
२ फेब्रुवारी, रात्री ११.४०

पूर्णाकाठ, तुम्ही फवारणीबद्दल मोकळेपणाने लिहिले, त्यामुळे उत्तर देणे सोपे झाले. मी जावळीच्या खोऱ्यात मधपाळ आहे आणि अनेक वर्षे पेट्या सांभाळत आहे.

कांद्याचे फूल नेमके कसे चालते हे आधी पाहू, कारण तुमच्या पोकळ बोंडांचे कारण तेथेच आहे. कांद्याच्या एका गोंड्यात शेकडो बारीक फुले असतात आणि ती एकाच दिवशी उमलत नाहीत. प्रत्येक फुलात पुंकेसर आधी पक्व होऊन पराग सोडतात आणि त्याच फुलातील स्त्रीकेसर त्यानंतर दोन-तीन दिवसांनी पराग स्वीकारण्यास तयार होतो. म्हणजे ज्या वेळी स्त्रीकेसर तयार असतो, त्या वेळी त्या फुलाचा स्वतःचा पराग संपलेला असतो. दुसऱ्या फुलावरून तो आणून देणारा कोणीतरी लागतो. वाऱ्याने हे काम फारसे होत नाही, ते माशीचे काम आहे. तुमच्या बाया मलमलीच्या कापडाने हेच काम करत होत्या, फक्त माशी ते दिवसभर आणि बिनमजुरी करते.

दुसरी अडचण अशी की कांद्याचा मकरंद माशीला फार आवडत नाही. त्यात पोटॅशियमचे प्रमाण जास्त असते. जवळपास मोहरी, धणे किंवा सूर्यफूल फुललेले असेल तर माशी तिकडे वळते. म्हणूनच पेट्या आणायच्या असतील तर साधारण दहा टक्के फुले उमलल्यावर आणाव्यात. त्याआधी आणल्या तर माश्यांना दुसऱ्या फुलोऱ्याची सवय लागते आणि मग त्या तिकडेच जात राहतात. तुमची वेळ अजून टळलेली नाही.

पेट्या कोणत्या, हाही प्रश्न आहे. आमच्याकडे डोंगरात सातेरी माशी पेटीत नांदते, पण ती थंड आणि झाडीच्या प्रदेशात रमते आणि त्रास झाला की पेटी सोडून निघून जाते. तुमच्या भागात मेलीफेराच्या, म्हणजे पाळीव युरोपीय मधमाशीच्या, पेट्या मिळतील. हेक्टरी पाच पेट्या हे प्रमाण कांद्यासाठी साधारण धरले जाते, म्हणजे तुम्हाला तीन पेट्या पुरतील. मात्र पेटीपेक्षाही तुमच्या शिवारातील रानमाश्या अधिक मोलाच्या आहेत. फुलोरी माशी, जी बोरीच्या किंवा बाभळीच्या फांदीवर तळहाताएवढे एकच पोळे करते, ती कांद्यावर चांगले काम करते. वडावर किंवा उंच कड्याला लोंबणारी आग्या माशी दूरवरून चरायला येते. शिवाय काही माश्या, ज्या मधमाश्या नव्हेत पण अंगावर तसेच पिवळे-काळे पट्टे मिरवतात, त्या सिरफिड माश्याही पराग वाहतात. गुळाचे पाणी यांतील कोणालाही फुलात बसायला शिकवत नाही. माशी आलीच तर ती पानावरचा थेंब चाटून परत जाते, असे मला तरी अनेकदा दिसले आहे.

मीनाकाठ
३ फेब्रुवारी, सकाळी ७.०५

मी जुन्नर भागात वेलवर्गीय भाज्या करतो. “मधमाश्या वाचवायच्या असतील तर संध्याकाळी फवारा” हा सल्ला सगळीकडे छापलेला असतो आणि काकडी, कारले, कलिंगड यांच्यासाठी तो बरोबरही आहे, कारण त्यांची फुले सकाळी उमलतात आणि दुपारनंतर त्यांचे काम संपते. परंतु दोडका आणि दुधी यांचे काय? दोडक्याचे फूल चार-पाच वाजल्यानंतर उमलते आणि दुधीचे पांढरे फूल तर अंधार पडता पडता उघडते. त्यावर संध्याकाळी आणि रात्री पतंग येतात. मी दोन वर्षे मोठ्या निष्ठेने संध्याकाळी सहाला दोडक्यावर फवारत होतो आणि दोडके एका टोकाला बारीक, वाकडे का राहतात हे मला समजत नव्हते. वेलीखाली बसून एक संध्याकाळ पाहिली तेव्हा समजले. आता दोडक्याला फवारायचेच असेल तर मी भल्या पहाटे, आदल्या दिवसाची फुले मिटल्यावर फवारतो.

सातेरी
३ फेब्रुवारी, सकाळी ८.३०

मीनाकाठ यांनी फार महत्त्वाची गोष्ट लिहिली आहे. वेळ घड्याळावरून ठरवू नये, त्या पिकाचे फूल केव्हा उघडते आणि त्यावर कोण येते ते पाहून ठरवावी. यात एक भर घालतो. आग्या माशी चांदण्या रात्रीही चरते. शुक्ल पक्षाच्या अखेरीस, विशेषतः पौर्णिमेच्या आसपास, फुलोऱ्यात “आता अंधार पडला, आता माशी नाही” असे समजून रात्री फवारणी करू नये.

कृष्णेचा मळा
३ फेब्रुवारी, दुपारी २.२०

मी कृषी खात्यातून निवृत्त झालो आहे आणि माझी बरीच सेवा सांगली जिल्ह्यात झाली. सातेरी यांनी परागीकरणाचे सांगितले. मला त्याच्या जोडीला शत्रुकिडींना खाणाऱ्या किड्यांबद्दल लिहायचे आहे, कारण ज्या फवारणीने माशी जाते त्याच फवारणीने तेही जातात, आणि त्यानंतर फुलकिडे अधिक जोमाने परत येतात. मागच्या वर्षी पूर्णाकाठ यांना दुसरी फवारणी का करावी लागली, याचे एक कारण हेही असू शकते.

२००२ च्या जुलैमध्ये आमच्या जिल्ह्यात उसावर लोकरी मावा दिसला आणि पाहता पाहता तो पश्चिम महाराष्ट्रात व शेजारच्या कर्नाटकात पसरला. पानांच्या खाली पांढऱ्या कापसासारखा थर आणि वरच्या पानांवर काळी बुरशी, असे उसाचे फड मी त्या वर्षी मैलोन्‌मैल पाहिले. शेतकरी हवालदिल झाले होते आणि मिळेल ते औषध फवारत होते, पण बारा फूट वाढलेल्या उसात पंप घेऊन शिरणार कसे? अशा वेळी काही फडांत माव्याच्या थराखाली हिरवट-करड्या रंगाच्या बारीक अळ्या दिसू लागल्या. बहुतेकांना ती नवी कीड वाटली. प्रत्यक्षात ती कोनोबाथ्रा नावाच्या पतंगाची अळी होती आणि तिचे खाद्यच मुळी लोकरी मावा हे होते. तिच्या जोडीला मायक्रोमस हा मावा खाणारा कीटक होता आणि पुढे ईशान्य भारतातून एनकार्शिया ही माव्याच्या अंगात अंडी घालणारी अतिसूक्ष्म गांधीलमाशीही आणून सोडण्यात आली. ज्यांच्या फडात कोनोबाथ्रा होती त्यांच्याकडून अळ्या असलेली पाने कापून न्यायची आणि आपल्या उसावर अडकवायची, एवढेच काम होते. ज्या शेतकऱ्यांनी फवारणी थांबवून ही पाने लावली त्यांच्या फडांत मावा ओसरला. फवारणी करत राहिलेल्या फडांत अळ्या टिकत नव्हत्या. ज्या किड्याला ओळखत नाही त्याच्यावर औषध मारू नये, ही गोष्ट मी सेवेत याच प्रसंगाने शिकलो.

द्राक्ष आणि सीताफळाच्या बागांत हीच चूक आजही होते. पिठ्या ढेकूण खाणारा क्रिप्टोलेमस हा ऑस्ट्रेलियातला भुंगेरा भारतात १८९८ मध्ये आणला गेला. त्याची अळी स्वतःच पांढऱ्या मेणाच्या धाग्यांनी झाकलेली असते, त्यामुळे ती मोठ्या पिठ्या ढेकणासारखीच दिसते. बागाईतदार पैसे देऊन भुंगेरे सोडतात आणि पंधरा दिवसांनी “ढेकूण आणखी मोठे झाले” म्हणून त्यांच्याच पिल्लांवर फवारतात. काडीने हलवून पाहावे. ढेकूण जागेवर सुस्त असतो, क्रिप्टोलेमसची अळी भराभर चालू लागते.

आता औषधाच्या डब्यावरच्या रंगीत त्रिकोणाबद्दल, कारण त्याविषयी फार मोठा गैरसमज आहे. लाल, पिवळा, निळा आणि हिरवा हे रंग त्या औषधाची माणसासाठी आणि सस्तन प्राण्यांसाठी असलेली विषारीपणाची पातळी सांगतात. मधमाशीबद्दल ते काहीही सांगत नाहीत. थायामेथोक्झाम या कीटकनाशकाच्या डब्यावर लाल त्रिकोण नसतो, तरीही ते मधमाशीला अत्यंत घातक आहे, आणि ते आंतरप्रवाही असल्यामुळे झाडाच्या रसातून मकरंदात व परागात उतरते. युरोपीय संघाने २०१८ मध्ये इमिडाक्लोप्रिड, क्लोथियानिडिन आणि थायामेथोक्झाम या तिन्हींचा उघड्या शेतातील वापर बंद केला तो याच कारणाने. फिप्रोनिलही मधमाशीसाठी तितकेच वाईट आहे. सेंद्रिय शेतीत चालणारे स्पिनोसॅडसुद्धा ओले असेपर्यंत माशीला मारते. “सेंद्रिय आहे” एवढ्यावर फुलोऱ्यात निर्धास्त होऊ नये.

पूर्णाकाठ यांनी कीटकनाशकात बुरशीनाशक मिसळले होते, त्याबद्दलही लिहितो. प्रोपिकोनॅझोल, टेब्युकोनॅझोल यांच्यासारखी बुरशीनाशके एकटी माशीला फारशी मारक नसतात, परंतु माशीच्या शरीरात विष मोडून टाकणारी जी यंत्रणा असते तिला ती अडथळा करतात. त्यामुळे काही कीटकनाशकांबरोबर ती दिली की त्या कीटकनाशकाचा माशीवरचा घात अनेक पटींनी वाढतो. एका पंपात चार बाटल्या ओतण्याची जी पद्धत पडली आहे, ती माझ्या मते सर्वांत आधी थांबली पाहिजे.

माळरान
३ फेब्रुवारी, सायंकाळी ६.५०

वरील सर्वांविषयी आदर ठेवून एक शंका मांडतो. हे सगळे वाचायला पटते, पण बीजोत्पादनाचा प्लॉट कर्ज काढून उभा केलेला असतो. फुलकिडे आले आणि करपा वाढला तर गोंड्याचा दांडाच वाकतो, तेथे माशी येऊन काय उपयोग? शेतकरी हौसेने फवारत नाही. बांधावर तण ठेवा, फुले ठेवा असे सांगितले जाते, पण त्याच तणात किडीही राहतात आणि शेजारी बोलतो तो वेगळाच. शिवाय मी एकट्याने फवारणी थांबवली आणि चारही बाजूंनी पंप चालू राहिले, तर माशी वाचणार कशी?

कृष्णेचा मळा
३ फेब्रुवारी, रात्री ९.३०

माळरान यांची शंका रास्त आहे आणि मी “फवारू नका” असे म्हणत नाही. फुलकिड्यांचा बंदोबस्त फुलोऱ्याच्या आधी करायचा असतो, हा मुद्दा आहे. राजगुरुनगरच्या कांदा व लसूण संशोधन संचालनालयाने शिफारस केलेली एक साधी पद्धत आहे. प्लॉटच्या चारही बाजूंनी बाहेर मक्याची आणि आत गव्हाची ओळ आधीच पेरून ठेवायची. फुलकिडे दुबळे उडणारे असतात, ते या भिंतीला अडतात. मधमाशी सहज वरून येते. गोंडे उमलण्याआधीच्या काळात तुषार सिंचनाने पाणी दिले तर पानांच्या बेचक्यातले फुलकिडे धुऊन जातात. फुलोऱ्यात मात्र तुषार बंद करावे, नाही तर परागही धुतला जातो. शेवटची कीटकनाशकाची फवारणी पापुद्रे फाटण्याआधी संपवावी. चिकट सापळे लावायचे ते किडी मोजण्यापुरते लावावेत. शेतभर पिवळे सापळे लावले तर त्यांवर सिरफिड माश्या आणि परोपजीवी गांधीलमाश्याही चिकटतात, हे मी कितीतरी प्लॉटमध्ये पाहिले आहे.

बांधाविषयी सांगायचे तर चारही बांध मोकळे सोडण्याची गरज नाही. एकच बांध ठेवा, जो नांगरला जात नाही आणि उन्हाळ्यात पेटवला जात नाही. एकट्या राहणाऱ्या बहुसंख्य रानमाश्या जमिनीत बीळ करून अंडी घालतात. आपण बांध पेटवतो तेव्हा गवताबरोबर बिळांवरची सावली आणि ओलावाही जातो आणि बांध कोरून शेतात घेतला की बिळेच जातात. त्या बांधावर एकदांडी आणि कुर्डू आपोआप येतात. धणे आणि बडीशेप यांच्या चार-चार ओळी मुद्दाम टाकल्या तर त्यांच्या उघड्या, उथळ फुलांवर अगदी बारीक परोपजीवी माश्यांनाही मकरंद मिळतो. बीजोत्पादनात एवढी काळजी घ्यावी की हे सगळे ऐन कांद्याच्या फुलोऱ्यात बहरणार नाही, म्हणजे सातेरी यांनी सांगितलेली अडचण येणार नाही. पेरणीची तारीख मागेपुढे केली की ते साधते.

शेजाऱ्यांच्या पंपाबद्दल माझ्याकडे सोपे उत्तर नाही. बोलावे लागते, एवढेच.

गच्चीवरची जुई
४ फेब्रुवारी, सकाळी ११.१०

मी ठाण्यात राहते आणि माझी शेती म्हणजे गच्चीवरच्या चाळीस कुंड्या आहेत. तरीही हा धागा वाचताना क्रिप्टोलेमसच्या जागी मला माझी चूक दिसली. शेवग्याच्या रोपावर मावा पडला होता आणि त्यात काळ्या, नारिंगी ठिपक्यांच्या, मगरीच्या आकाराच्या अळ्या फिरत होत्या. मी त्या एकेक करून चिरडल्या. नंतर कळले की ती ढालकिड्याची, म्हणजे ठिपकेवाल्या लाल भुंगेऱ्याची पिल्ले होती आणि ती मावा खात होती. कढीपत्त्यावरच्या, पक्ष्याच्या विष्ठेसारख्या दिसणाऱ्या अळ्या मात्र पाने खातात हे खरे आहे, पण त्यांची पुढे काळी-पांढरी सुंदर फुलपाखरे होतात. मी आता एक जास्तीचे कढीपत्त्याचे झाड त्यांच्यासाठीच ठेवले आहे.

वांग्याबद्दल एक निरीक्षण लिहिते. वांगी आणि टोमॅटो यांच्या फुलात पराग नळीसारख्या पुंकेसरांत बंद असतो आणि टोकाच्या छिद्रातून बाहेर पडतो. तो पुरेसा पडायला फूल थरथरावे लागते. मधमाशीला ते जमत नाही. माझ्याकडे निळ्या पट्ट्यांची एक माशी येते, ती फुलाला मिठी मारून असा काही आवाज करते की दोन हातांवरून ऐकू यावा. मोठा काळा भुंगाही हे काम करतो. त्याने मांडवाच्या सुक्या बांबूला भोक पाडून घर केले आहे. मी तो बांबू आता बदलत नाही.

येथे मला एक गाऱ्हाणेही मांडायचे आहे. आमच्या इमारतीच्या सातव्या मजल्यावर आग्या माश्यांचे पोळे बसले होते. कोणालाही त्यांनी डंख केला नव्हता. तरी सोसायटीने माणसे बोलावली आणि रात्री औषध मारून सगळे पोळे पाडले. सकाळी पार्किंगमध्ये मेलेल्या माश्यांचा ढीग होता, त्यातल्या काही अजून हलत होत्या. मी ते झाडताना रडले. अशा वेळी काय करता येते, हे कृपया सांगावे.

सातेरी
४ फेब्रुवारी, दुपारी १.००

जुईताई, आग्या माशी स्थलांतर करणारी आहे. एका जागी ती काही महिने राहते आणि फुलोरा संपला की पोळे रिकामे करून स्वतःच निघून जाते. पोळे दारा-खिडकीपासून लांब असेल तर जवळच्या खिडक्यांना जाळी लावावी, त्या बाजूचा प्रखर दिवा रात्री बंद ठेवावा आणि तेथे धूर, फटाके, दगड यांपैकी काहीही होऊ देऊ नये. पोळे खरोखरच धोक्याच्या जागी असेल तर प्रशिक्षित मधपाळाला बोलवावे. महाबळेश्वरचे मधसंचालनालय आणि पुण्याची केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्था येथून प्रशिक्षण घेतलेली माणसे अनेक जिल्ह्यांत आहेत. सोसायटीच्या सभेत हा विषय पोळे बसण्याआधी मांडून ठराव करून ठेवावा. पोळे बसल्यावर लोक घाबरलेले असतात आणि त्या वेळी कोणी ऐकत नाही.

कुळागर
४ फेब्रुवारी, सायंकाळी ५.४५

मी सत्तरी तालुक्यातून, गोव्याहून लिहितो. आमच्या जुन्या मातीच्या भिंतीत डंख नसलेल्या बारीक पोया माश्यांची वस्ती आहे. भिंतीतून मेणाची लहान नळी बाहेर आलेली असते, तेच त्यांचे दार. वडील गिलावा करताना तेवढी जागा सोडत असत. गेल्या वर्षी गवंड्याने सगळीकडे सिमेंट फिरवले आणि ती नळी बुजली. मी दुसऱ्या दिवशी सकाळी छिन्नीने ती जागा उघडली तेव्हा माश्या बाहेर आल्या. आपल्या घराच्या डागडुजीतही हे पाहायला हवे, म्हणून लिहिले.

पूर्णाकाठ
१४ फेब्रुवारी, रात्री १०.००

उशिरा लिहीत आहे, त्याबद्दल क्षमस्व. गेले दहा दिवस मी रोज सकाळी साडेनऊ ते साडेदहा एका ओळीतले वीस गोंडे पाहत उभा राहिलो. पहिल्या चार दिवसांत एखाद-दुसरी सिरफिड माशी सोडली तर काही नव्हते. पाचव्या दिवशी फुलोरी आली. ओढ्याकाठच्या बोरीत तिचे लहान पोळे आहे, ते मला याआधी कधी दिसले नव्हते. काल एका गोंड्यावर तीन माश्या एकाच वेळी होत्या.

फुलकिडे आहेत, परंतु अजून आवाक्यात आहेत. मी या फुलोऱ्यात एकही फवारणी केलेली नाही. आमच्या उत्तरेच्या बांधाला लागून ज्यांचा हरभरा आहे, त्यांच्याशी बोललो. घाटे अळीसाठी ते सकाळी फवारणार होते, त्यांनी माझ्या विनंतीवरून ते दिवस मावळल्यावर केले आणि पौर्णिमा होऊन गेली आहे याची आम्ही दोघांनी खात्री करून घेतली. पश्चिमेकडच्या शेजाऱ्यांनी मात्र ऐकले नाही. मेलीफेराच्या तीन पेट्या परवा रात्री येत आहेत. त्या पश्चिमेच्या बांधापासून लांब ठेवणार आहे. पाण्याची सोय कशी करावी एवढे सांगावे, आमच्याकडे या दिवसांत दुपारी ऊन चांगलेच चटकते.

सातेरी
१४ फेब्रुवारी, रात्री १०.४५

पेट्या येण्याच्या आधीच पाणी ठेवा. माशी एकदा एका जागी पाणी प्यायला लागली की तीच जागा धरते, आणि ती जागा शेजाऱ्याच्या फवारणी पंपाजवळचे डबके असू नये. उथळ परातीत खडे भरून खड्यांची डोकी वर राहतील एवढेच पाणी घाला, म्हणजे माशी बुडत नाही. परात पेट्यांपासून वीस-पंचवीस पावलांवर सावलीत ठेवा आणि रोज सकाळी पाणी बदला. पेट्यांची तोंडे पूर्वेकडे करा, त्यांवर पाचटाचे छप्पर घाला आणि पेटीच्या पायांखाली पाण्याच्या वाट्या ठेवा, म्हणजे मुंग्या चढणार नाहीत. पश्चिमेच्या शेजाऱ्यांनी फवारायचा दिवस आदल्या संध्याकाळी तेवढा सांगावा, असे त्यांना पुन्हा एकदा विचारून पाहा. तेवढे कळले तरी रात्री पेट्यांची दारे जाळीने बंद करून, दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत वर ओले गोणपाट टाकून माश्या आत ठेवता येतात.